जीनमायची ओटी

जिनाची धुराची चिमणी पाडली तेव्हा मी मिरच्यांची देठं खुडत होते. नंदुरबारच्या बाहेर मिरच्या वाळवायची मोठी मैदानं आहेत, त्यांना आम्ही पथारी म्हणतो. या वयात दुसरं काम होत नाही, पण बसून देठं खुडता येतात. आवाज फार मोठा झाला नाही. जमीन जराशी हलली, लांब कुठं ढग गडगडावा तसं झालं, आणि सगळ्या बाया उठून गावाकडं बघायला लागल्या. मी उठले नाही. गुडघे दुखतात. आणि ती चिमणी मला डोळे मिटूनही दिसते, तिला बघायला उठायची गरज नव्हती.

घरी आले तर तापी उंबऱ्यात उभी होती. तापी माझी थोरली बहीण. तिचं लग्न झालं नाही. आधी मायजवळ होती, माय गेल्यावर माझ्याजवळ आली. तिला ऐकू येतं, सगळं कळतं, स्वयंपाक माझ्यापेक्षा बरा करते. फक्त तिला आवाज नाही. ओठ हलतात, शब्द होतात, आवाज निघत नाही. मी चौथी शिकले, पेपर वाचायला मला वेळ लागतो, पण तापीचे ओठ मी भाकरी थापतानाही वाचते.

ओठांनी म्हणाली, "आते ओटी कोठे भरशी?"

"आधी भाकर खाई ले, आक्का."

"माले भूक नही. ओटी कोठे भरशी ते सांग."

ही ओटी आमच्या घरात आमच्यापेक्षा जुनं माणूस असावं तशी बसून आहे. मायनं ती नवसाला बोलली, भरली नाही, आणि मरताना मला सांगून गेली की भरू नकोस. तापी तेव्हापासून म्हणते, भर. दोघींच्या मध्ये मी.

जीन म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी काढायचा कारखाना. आता सांगावं लागतं. पूर्वी गावात कुणाला सांगावं लागत नसे, कारण गाव जिनाच्या भोंग्यावर उठायचं. दिवाळी झाली की हंगाम सुरू, होळीपर्यंत. पहिला भोंगा झाला की माय चूल पेटवायची, दुसऱ्याला भाकरी फडक्यात बांधायची, तिसऱ्याला आम्ही तिघी फाटकात. बाहेर कपाशीच्या गाड्यांची रांग लागलेली असायची, बैल बसकण मारून रवंथ करायचे आणि गाडीवान उसाच्या पाचटाची शेकोटी करून बसायचे. दवानं भिजलेल्या कपाशीला ओल्या कुत्र्यासारखा वास येतो. आत गेलं की तो वास संपायचा आणि दुसरा सुरू व्हायचा, गरम सरकीचा. काकवीला चुकून धूर लागावा तसा गोड आणि करपलेला. मशीनमध्ये चामड्याचा रूळ असतो, तो पात्याला घासून तापायचा, त्याचाही वास त्यात मिसळलेला. आज कुणी चपला उन्हात वाळत घातल्या तरी मला माय आठवते. आईची आठवण चपलेच्या वासानं यावी हे चांगलं दिसत नाही, पण येते त्याला काय करू.

मशीनला कापूस घालायच्या कामाला बाया घास भरवणं म्हणायच्या. लांब शेडमध्ये दोन्ही बाजूंना मशीनची रांग, प्रत्येकीपुढं एक बाई उभी, आणि दिवसभर घास. वर छताला बारीक रुई लोंबत असायची. हवेत रुई, नाकात रुई, भाकरीवर रुई. सुटल्यावर बाया बाहेर पडायच्या तेव्हा पार पांढऱ्या. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. रस्त्यावरची पोरं ओरडत पळायची, "भुताळ्या उन्यात, भुताळ्या उन्यात." माय त्यांच्यामागं धावल्यासारखं करायची. मग घराच्या मागं बसून आम्ही एकमेकींच्या पापण्या निवडायचो.

आत आवाज असा की कानाला तोंड लावलं तरी ऐकू येत नसे. म्हणून बाया ओठांनी बोलायच्या. तोंड मोठं करायचं, ओठ ताणायचे, भुवया उडवायच्या. शेडच्या त्या टोकाची बाई सासूला काय शिव्या देते ते या टोकाला कळायचं. मुकादम मध्येच उभा असला तरी त्याला काही कळत नसे. आमच्या शेजारच्या मशीनवर भागाबाई होती, मोठी वात्रट. मुकादम आला की तिचे ओठ हलायचे, "दख, बोकड उना." सगळी रांग हसायची.

मुकादम हातानं विचारायचा, काय झालं?

भागाबाई नाकाकडं बोट दाखवायची. नाकात कापूस गेला, दादा.

हंगामाला तोरणमाळकडच्या डोंगरातल्या बाया उतरायच्या, जिनाच्या अंगणातच झोपड्या करून राहायच्या. त्यांची पावरी बोली आम्हाला यायची नाही, आमची अहिराणी त्यांना नाही. सकाळी नळावर भेटलो की दोन्हीकडून नुसतं हसणं. पण मशीन सुरू झालं की सगळ्या सारख्या. कुणाचं पोर तापलंय, कुणाचा नवरा पिऊन पडलाय, हे ओठ, भुवया आणि मान यांतून कळायचं. भोंगा झाला, मशीन थांबलं, की परत परक्या. हे मला लहानपणीही नवल वाटायचं.

आणि जीनमाय.

मशीनच्या पोटावर लोखंडाची अक्षरं होती, उठावाची. पहिलं बांगडीसारखं गोल. मग एक मोडलेल्या खाटेच्या पायासारखं. मग दोरी ताणलेलं धनुष्य. मग एकाच पायरीची शिडी, मग घराचं आढं, आणि शेवटी दोन डोंगर. शाळेत बाईंनी शिकवलेल्या अक्षरांत यातलं एकही नव्हतं. बाया म्हणायच्या, हे देवीचं नाव. समुद्रापलीकडची देवी आहे, आमच्या कानबाईची लांबची बहीण. मशीनबरोबर आली. तिला हात पाहिजेत, बोटं पाहिजेत, म्हणून जपून राहायचं. कुणी आधी सांगितलं ते माहीत नाही, माझ्या आजीच्या वेळीही तसंच होतं. दसऱ्याला जिनाचे मालक शेटजी मशीनला हार घालायचे, गूळखोबरं वाटायचे. ते गेले की बायांची पूजा. अक्षरांवरून हळदकुंकवाचं बोट फिरवायचं, बांगडीपासून दोन डोंगरांपर्यंत, मध्ये बोट उचलायचं नाही. पुढं हंगाम सुरू झाला की पहिली चिमूट रुई कुंकवात बुडवून धनुष्यात अडकवायची. अंगावरच्या बाळाचं डोकं टेकवायचं. शेटजी मारवाडातले, शिकलेले. तिथं काय लिहिलंय ते त्यांना माहीत असणार. पण देवीच्या धाकानं बाया हात सांभाळत असतील तर तो धाक कोण मोडेल.

थंडीत दुपारच्या सुटीत पोरी वखारीत जायच्या. तिथं कपाशीचे ढीग आढ्याला टेकलेले. ढिगात हातानं पोकळी करायची आणि आत शिरून झोपायचं. उबदार असतं, आईच्या पोटात असावं तसं. सगळ्याच झोपायच्या. कुणी नको म्हणत नसे.

त्या दिवशी तापी आत होती. मी बाहेर पायरीवर बोरं खात बसले होते. कापूस कोसळतो तेव्हा आवाज येत नाही, तेच वाईट. मी वळून पाहिलं तेव्हा ढिगाचा आकार बदललेला होता, एवढंच. वाळूच्या ढिगासारखा तो पुढं येऊन बसला होता, आणि तापीची पोकळी कुठं होती ते सांगता येत नव्हतं. मी ओरडले. सुटी संपून मशीन सुरू झालं होतं, माझं ओरडणं कुणाला ऐकू गेलं नाही. मग मी शेडमध्ये पळाले आणि मायसमोर उभं राहून ओठांनी सांगितलं. आवाज काढायचं मला सुचलंच नाही.

मशीन थांबवलं. भर पाळीत जीन थांबलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. सगळे पुरुष वखारीत धावले. माय धावली नाही. ती मशीनपुढं गुडघ्यावर बसली आणि अक्षरांवर कपाळ टेकलं. त्या शांततेत तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू आलं.

"जीनमाय, मन्ही पोर माले परत दे. तुन्ही ओटी भरसू."

तापीला बाहेर काढलं तेव्हा ती नखशिखांत पांढरी होती. फिटरनं तिच्या तोंडात बोट घालून रुईचा बोळा ओढून काढला. तेव्हा तिच्या घशातून एक आवाज आला. मग तिनं डोळे उघडले आणि ओठ हलले.

"भोंगा व्हयना का?"

भोंगा झाला का, म्हणजे पाळी सुटली का, असं विचारत होती. आम्हाला वाटलं, जिनात आहोत म्हणून ओठांनी बोलतेय. घरी आल्यावर बोलेल. घरी आलो. भाकरी खाल्ली. ती ओठांनीच बोलत राहिली.

गावातल्या बाया दुसऱ्याच दिवशी म्हणायला लागल्या, नवस फळला, ओटी भर. मायनं खण आणला, नारळ आणला, हळकुंडं, तांदूळ, हिरव्या बांगड्या, सगळं आणलं. आणि भरली नाही. मशीनपुढं उभी राहून ओठांनी भांडली. मी बघत होते.

"अर्धी दिधी, अर्धी ठेई लिधी. आवाज दे, मंग ओटी ले."

त्यानंतर माय त्याच मशीनवर घास भरवत राहिली, पण अक्षरांना तिनं कुंकू लावलं नाही. बाया घाबरायच्या. कुणाचं बोट गेलं की मायकडं बघायच्या. माय म्हणायची, माझ्याकडं कशाला बघता, तिला विचारा.

तापीनं मात्र वेगळंच सांगितलं. पहिल्याच आठवड्यात, पापण्या निवडताना. ती म्हणाली, कापसाच्या आत बाया होत्या. खूप. आणि त्या आवाजानं बोलत होत्या, ओठांनी नाही. काहींची बोली कळत होती, काहींची नाही. त्या सगळ्या भोंग्याची वाट बघत होत्या. त्यांची पाळी सुटत नव्हती.

"ओटी भराशिवाय त्या घर जावाव नहीत," तापीनं सांगितलं. "मन्हा आवाज त्यासनाजोडे शे."

माय म्हणाली, तापात बडबडतेय. ताप आलाच नव्हता.

मी भूतबीत मानत नाही. मसणवटीशेजारच्या शेतात मी रात्रीचं पाणी धरलंय, मला कधी कुणी दिसलं नाही. पण जे आहे ते सांगते. तापीनं त्या दिवसापासून अंगावर कापूस घेतला नाही. गोधडी नाही, सुती लुगडं नाही. नायलॉनची साडी नेसते, थंडीत घोंगडी पांघरते. देवापुढची वातसुद्धा ती वळत नाही, ते माझं काम. आणि रोज सकाळी उठली की पहिला प्रश्न तोच, भोंगा व्हयना का? मी म्हणते, व्हयना. ती मान हलवते. तिला पटलेलं नसतं.

जीन बंद पडला त्याला आता खूप काळ झाला. का पडला ते ज्यांना माहीत असेल त्यांनी सांगावं. एका हंगामाला गाड्यांची रांग आखूड दिसली, पुढच्या हंगामाला फाटकाला कुलूप. कुलपानंतरही उन्हाळ्याच्या दुपारी, सगळं गाव निजलेलं असताना, त्या बाजूनं घरघर यायची. मी स्वतः ऐकलीय. वीज तोडलेली होती. आजूबाजूचे म्हणायचे, पत्रा वाऱ्यानं थरथरतो. असेल पत्रा. पण पत्रा कधी दुपारची सुटी संपायच्या वेळेला सुरू होऊन पाळी सुटायच्या वेळेला थांबत नाही.

माझ्या लेकीची लेक हर्षदा. नर्स झाली आणि विलायतेला गेली, तिथं म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात काम करते. आपली म्हातारी इथं टाकून परक्या म्हाताऱ्यांचं करायला गेली, असं मी तिला तोंडावर म्हटलं. ती म्हणाली, आजी, तू सांभाळू देशील का कुणाला? तेही खरंच.

गेल्या वर्षी फोनवर ती चालत चालत आम्हाला तिचं गाव दाखवत होती. लाल विटा, ओला रस्ता, सगळ्याच रस्त्यांना चढ. एका इमारतीवरची पाटी सरकून गेली आणि तापीनं माझं मनगट धरलं.

"हर्षे, थांब," मी म्हटलं. "ते परत दाखव."

"काय दाखवू? पाटी?"

बांगडी. मोडका पाय. धनुष्य, शिडी, आढं, दोन डोंगर. कुंकू नव्हतं, एवढाच फरक.

"तठे जीनमायनं देऊळ शे का?" मी विचारलं.

हर्षदा आधी हसली. मग आम्हा दोघींची तोंडं बघून हसायची थांबली. "आजी, हाई गावनं नाव शे. ओल्डहॅम. मशीन इथं बनलं असेल, म्हणून नाव ओतलंय. देवीबिवी काही नाही."

मायचं कपाळ आठवलं मला, त्या लोखंडावर टेकलेलं. एका गावाच्या नावापुढं ती जन्मभर रुसून बसली होती.

त्यानंतर सुटीच्या दिवशी फोन केला की हर्षदा त्या गावाचं काहीतरी सांगायची. मला विचारायची सवय नाही, पण तापी सारखं खुणावायची, विचार, विचार. म्हणून विचारलं. तर फार पूर्वी तिथं नुसता माळ होता आणि मेंढ्या. लोक घरातच लोकर विणायचे, उजेडासाठी वरच्या मजल्याला लांबच लांब खिडक्या. लोकरीचं ऐकून तापीनं आपल्या घोंगडीवर हात फिरवला. मग कापूस आला. मग गिरण्या, आणि इतक्या चिमण्या की आभाळ धुरानं काळं. लहान पोरं चालत्या मशीनखाली सरपटत जाऊन रुई झाडायची. मग म्हणे अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस थांबला, आणि सगळं गाव उपाशी पडलं. तेव्हा आपल्याकडचा कापूस गेला, सुरती या नावानं. तो धाग्याला आखूड, त्यात पातेरा आणि माती. विणताना तुटायचा. तिथले लोक सुरतेच्या नावानं खडे फोडायचे.

"इथं निवडणाऱ्यांची बोटं सोलली ते कोणी सांगितलं का त्यांना?" मी म्हटलं.

"कोण सांगणार, आजी."

नंतर तिथल्या गिरण्याही गेल्या. काहींत आता लोक राहतात, काहींत गोदामं, बऱ्याच पडल्या. त्याही आधी, जुन्या काळी, आमच्या नंदुरबारहून विणलेलं कापड सुरतेवरून इंग्रजांकडं जायचं म्हणतात. मग नुसता कापूस जायला लागला आणि कापड तिकडून आलं. मग मशीन आली. आता मशीनही गेली आणि माणसं चाललीत, हर्षदासारखी. आधी त्यांच्याकडच्या चिमण्या पडल्या, आता आमची. निरोप पोचायला वेळ लागला, एवढंच.

एकदा ती म्हणाली, "आजी, आमच्या इथं एक म्हातारी आहे, डोरीन. गिरणीत होती. आता कान गेलेत. पण तापीआजीसारखं बोलते बघ, नुसत्या ओठांनी. म्हणते, आम्ही सगळ्या तशाच बोलायचो."

हे मी ऐकलं आणि सोडून दिलं. तापीनं सोडलं नसावं.

तर चिमणी पडली. दुसऱ्या दिवशी मी तापीला घेऊन जिनात गेले. मायनं नको म्हटलं होतं, पण माय जाऊन बसली तिकडं, तापीला रोज सकाळी तोंड मला द्यावं लागतं. पिशवीत खण, नारळ, सगळं घेतलं. फाटक काढून टाकलेलं होतं. विटांचा ढीग, त्यावर काजळी. वखारीच्या जागी सपाट जमीन, चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेले. शेडचं छप्पर गेलं होतं पण भिंती उभ्या होत्या. आत ऊन पडलं होतं. त्या शेडमध्ये ऊन मी कधी पाहिलं नव्हतं.

मशीन नव्हती. जमिनीत खड्डे आणि गंजके खिळे, दात पडलेल्या हिरडीसारखे.

भंगारवाल्यांचा एक माणूस, नवापूरचा, विडी ओढत बसला होता. "काय शोधतस, माय?"

"मशीन."

"ते तर कवाच गयंत. सुरतना व्यापारी लई गया."

"तोडायला?"

"नही व. हॉटेलमां ठेवतस. शोभासाठी. लोके जेवतस आणि दखतस."

"मशीन बघत जेवतात?"

"पैसावाला काय बी दखतस," तो म्हणाला आणि विडी विझवली. "बठा, चहा मागाडू का?"

तापी खड्ड्यांमधून चालत होती. मायच्या मशीनची जागा तिला बरोबर सापडली. तिथं उकिडवी बसली, खिळ्यावर तळहात ठेवला आणि ओठ हलवायला लागली. माझी तिच्याकडं पाठ असती तर बरं झालं असतं. ती त्या बायांना सांगत होती, थांबा, बघते, काहीतरी करते. मला ते बघवलं नाही. रागही आला. आयुष्यभर एकाच गोष्टीची वाट बघणारं माणूस जवळ असलं की राग येतो, मला कुणी काहीही म्हणो.

"आक्का, ऊठ," मी म्हटलं. "खड्ड्याची ओटी भरत नाहीत."

तिनं वर पाहिलं. "मंग कोनी ओटी भरतस?"

"बाईची."

हे मी बोलून गेले आणि मग मला कळलं, मी काय बोलले ते. ओटी बाईचीच भरतात. लोखंडाची नाही, पाटीची नाही, हॉटेलातल्या शोभेची तर नाहीच.

घरी येऊन हर्षदाला फोन लावला. "तुझी ती म्हातारी जिवंत आहे का?"

"आजी, असं विचारतात का? आहे."

"तिची ओटी भर. आमच्यातर्फे. त्या गावाची लेक आहे, गिरणीतली आहे. मशीनवरचं नाव तिच्याच गावाचं होतं."

हर्षदा म्हणाली, "ती विधवा आहे, आजी."

"देवीला नवरा कोण विचारतं. भर."

सुटीच्या दिवशी तिनं भरली. तिथं दुपार होती, इथं दिवे लागायची वेळ. तांदूळ आणि नारळ तिला तिथल्या बांगलादेशी दुकानात मिळाला, हळकुंडही. खण नव्हता, तिनं आपली नवी ओढणी घडी करून घेतली. फोन समोर टेकवून ठेवला होता. खुर्चीत एक बारीकशी, गुलाबी कातडीची म्हातारी, पांढरे केस कापलेले, गुडघ्यावर शाल. मला वाटलं होतं देवीसारखं काही वाटेल. तसं काही वाटलं नाही. भागाबाईसारखी दिसत होती, डोळ्यांत तसाच वात्रटपणा.

हर्षदानं तिला कुंकू लावलं. तिनं डॉक्टरपुढं करावं तसं कपाळ पुढं केलं. मांडीवर तांदूळ, ओढणी, नारळ. नारळ जड लागला असावा, तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि हर्षदाला काहीतरी विचारलं.

"विचारते, हे कशासाठी," हर्षदा म्हणाली. "मी सांगितलं, एका बाईच्या आईनं तुमच्या गावाच्या नावानं हे द्यायचं बोललं होतं. आता पोचलं."

तापी फोनच्या इतकी जवळ सरकली की तिच्या श्वासाची वाफ काचेवर धरली. मी पदरानं काच पुसली. तापीनं तोंड मोठं केलं, ओठ ताणले, भुवया उचलल्या, जसं शेडच्या त्या टोकाशी बोलायचं असतं तसं.

"भोंगा व्हयना का?"

म्हातारी पुढं वाकली. तिचे डोळे तापीच्या ओठांवर होते. मग तिनं हर्षदाकडं बघितलं आणि हर्षदानं तिला तिच्या भाषेत सांगितलं असावं. म्हातारीनं मान हलवली, नारळ एका हातात घेतला, फोनकडं वळली आणि तिनंही तोंड मोठं केलं. आवाज अजिबात काढला नाही. ओठ ताणले, भुवया उडवल्या, हातानं दाराकडं खूण केली.

"ती म्हणते..." हर्षदानं सुरुवात केली.

तापीनं तिला हातानं थांबवलं. तिला कळलं होतं.

मला कळलं नव्हतं, म्हणून मी नंतर हर्षदाला विचारलं. म्हातारी म्हणाली होती, केव्हाच झाला, बाई. सगळ्या घरी गेल्या. तूच तेवढी मागं राहिलीस.

आवाज परत आला नाही. ओटी भरल्यानं आवाज येत नसतो, हे मी आधीपासून सांगत होते. त्या रात्री तापी घोंगडी पांघरूनच झोपली. कापूस तिनं अजूनही अंगावर घेतलेला नाही.

सकाळी मी तिच्या आधी उठले आणि चुलीपुढं बसून तिच्याकडं बघत राहिले. रिकामं आभाळ खिडकीत दिसत होतं, चिमणीच्या जागी. तापी उठली. तोंड धुतलं. केस बांधले. माझ्यासमोर बसली. मी तिच्या ओठांकडं बघत होते. ओठ हलले नाहीत. किती वेळ गेला कुणास ठाऊक, आणि त्या बाजूनं, पत्रा नसलेल्या, मशीन नसलेल्या जागेकडून मला घरघर ऐकू आल्यासारखी वाटली. शेवटी मलाच राहवलं नाही. मी आवाज न काढता विचारलं, "आक्का, भोंगा व्हयना का?"

तापीनं माझ्याकडं नीट पाहिलं.

"कवाच व्हयना," तिचे ओठ म्हणाले. "चहा ठेव."